सातबाऱ्यावरचा ‘भूमिधारी’ आला कुठून? कायद्याचा हेतू शोधायची रीत

कायद्याची ताजी प्रत आणि कलम क्रमांक हाताशी आहे, असं धरतो. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी प्रत असेल तर बाजूला ठेवा.

पहिलं काम, कलमाखालची बारीक टायपातली तळटीप वाचणं. अडलेला शब्द मूळचा की दुरुस्तीने घुसवलेला, ते तिथेच कळतं. दुरुस्तीचा असेल तर त्या दुरुस्ती विधेयकाचं ‘उद्देश व कारणे यांचे निवेदन’ शोधा, मूळ कायद्याचं नको. जुन्या विधेयकांची निवेदनं राजपत्राच्या भाग पाचमध्ये असतात.

आता विदर्भाची मेख. इथे मी स्वतः तोंडघशी पडलोय. शेजारच्या काकांच्या सातबाऱ्यावर ‘भूमिधारी’ (जमीन धारण करण्याचा, पण विकण्यावर बंधन असलेला हक्क) असा शेरा, आणि त्यापायी विक्री अडलेली. मी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 घेतली आणि मुंबईतल्या विधिमंडळाच्या चर्चा पंधरा दिवस चाळल्या. काका वैतागले, “अरे, मले वावर विकाचं हाय, परीक्षा नाही द्याची!” उत्तर कलम 29 मध्येच होतं. हा हक्क मध्य प्रदेश जमीन महसूल संहिता, 1954 मधून आलाय. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत विदर्भ मध्य प्रदेशात होता, आपले कायदे नागपुरात व्हायचे. मुंबईच्या चर्चांत त्याचा हेतू सापडणार कसा?

म्हणून आपल्याकडे उलटं चालायचं. आधी निरसनाचं (जुने कायदे रद्द करणारं) कलम, त्यात रद्द झालेला जुना कायदा, मग त्या वेळच्या विधानसभेचं दप्तर. तिथेही एक खड्डा आहे: या संहितेच्या नावात 1954, पण अधिनियम क्रमांक 1955 चा 2. एकाच वर्षाचे गठ्ठे मागवलेत तर अर्धा कागद हुकतो.

आणखी मागे जायचं तर आधी जिल्हा विचारा. यवतमाळ, अमरावती, अकोला, बुलढाण्याला वऱ्हाडची 1928 ची संहिता. वर्धा, नागपूर, भंडारा, चांद्याला (आजचं चंद्रपूर) मध्य प्रांताचा 1917 चा कायदा. वर्धा नदीच्या दोन काठांवर दोन कायदे! कुळकायद्यातही तेच. विदर्भाचा 1958 चा वेगळा आहे. पश्चिम महाराष्ट्राच्या 1948 च्या कायद्यावरून सल्ला देणाऱ्याचं ऐकू नका.

सापडलेल्या पानाची नक्कल घेताना राजपत्राची तारीख आणि पृष्ठ क्रमांक दिसू द्या. कलमाचे शब्द स्पष्ट असतील, तर मंत्र्याच्या भाषणाने ते फिरत नाहीत. तिथे वकिलाची फी वाचवा.