बॅकअप एन्क्रिप्ट करताय? या चुका टाळा

जळगावच्या सराफ बाजारातली पेढी असो, रावेर-यावलकडचा केळीचा व्यापारी असो की धुळ्यातलं कर सल्लागाराचं ऑफिस, टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं फोल्डर संध्याकाळी पेनड्राईव्हवर घ्यायचं आणि पेनड्राईव्ह खिशात टाकून घरी जायचं, ही सवय आता बऱ्याच ठिकाणी आहे. सवय चांगलीच. पण त्या पेनड्राईव्हवर गिऱ्हाइकांचे पॅन, आधारच्या प्रती, बँक खाती, कोणाचं किती सोनं गहाण आहे, सगळं उघडं पडलेलं असतं. म्हणून माझं मत ठाम आहे: एन्क्रिप्शन, म्हणजे पासवर्डशिवाय डेटा वाचताच येणार नाही असं कुलूप, बॅकअपच्या सॉफ्टवेअरमध्येच हवं आणि पहिल्या दिवसापासून चालू हवं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, हेही ध्यानात असू द्या.

"बिटलॉकर आहे, मग कशाला?"

बिटलॉकर हे विंडोजमधलंच कुलूप; ते डिस्कचं रक्षण करतं. लॅपटॉप चोरीला गेला तर त्याचा उपयोग आहेच. पण तुम्ही लॉगिन केलंत की फाइली उघडतात, आणि बॅकअपचं सॉफ्टवेअर त्या उघड्याच वाचतं. पेनड्राईव्हवर किंवा गूगल ड्राइव्हवर जाणारी प्रत त्यामुळे उघडीच जाते. टॅलीव्हॉल्ट या टॅलीतल्याच पासवर्ड-कुलपाचंही तसंच: कंपनीचा डेटा झाकला जातो, शेजारच्या फोल्डरमधली स्कॅन केलेली बिलं आणि एक्सेल शीट नाही.

आधी झिप, मग बॅकअप

पासवर्डची झिप करून ती बॅकअपला देणारे पुष्कळ. रेस्टिक, बोर्ग, डुप्लिकाटी ही बॅकअपची सॉफ्टवेअर फाइलचे तुकडे करतात आणि फक्त नवे तुकडे पाठवतात. आधीच एन्क्रिप्ट केलेली फाइल त्यांना दर वेळी संपूर्ण नवी दिसते. एक व्हाउचर वाढलं तरी सगळा डेटा पुन्हा अपलोड होतो, आणि तालुक्याच्या गावातलं नेट त्यातच अडकतं. एन्क्रिप्शन सॉफ्टवेअरच्या आतच असलं की आधी सारखे तुकडे वगळले जातात आणि मग एन्क्रिप्शन होतं. शिवाय मार्चच्या घाईत हाताने झिप करायचं राहून जातं, ते वेगळंच. झिपची जुनी पद्धत कमकुवत आहे आणि फाइलींची नावं दिसतात. झिपशिवाय भागतच नसेल तर सेव्हन-झिपचा सेव्हन-झेड प्रकार घ्या आणि नावं एन्क्रिप्ट करण्याच्या पर्यायावर खूण करा.

किल्ली त्याच संगणकात

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. रेस्टिकचा पासवर्ड हरवला तर डेटा गेला. तो परत मिळवून देणारं हेल्पलाइनवर कोणी नसतं. टॅलीव्हॉल्टचंही तेच. बोर्गच्या 'कीफाइल' प्रकारात किल्लीची, म्हणजे बॅकअप उघडायला लागणारी, फाइल तुमच्याच संगणकावर राहते. हार्ड डिस्क जळाली की बॅकअप शाबूत आणि किल्ली गायब, म्हणजे तिजोरीची किल्ली तिजोरीतच ठेवल्यासारखं. 'बोर्ग की एक्स्पोर्ट' ही आज्ञा चालवून किल्लीची प्रत बाहेर काढा.

दुसरा धोका माणसांचा. बॅकअप बसवून देणारा मुलगा पुण्याला नोकरीला जातो आणि पासवर्ड त्याच्याबरोबर जातो. पासवर्ड कागदावर ठळक अक्षरात लिहा, दोन प्रती करा. एक घरच्या कपाटात, दुसरी भावाकडे किंवा बहिणीकडे, दुसऱ्या गावात असेल तर उत्तम. हा कागद पेनड्राईव्हच्या पाकिटात ठेवू नका. रोज आपोआप चालणाऱ्या बॅच फाइलमध्येही (बॅकअपच्या आज्ञा लिहिलेली फाइल) पासवर्ड उघडा लिहू नका.

"पासवर्ड चुकीचा" आला तर

घाबरून काहीही फॉरमॅट करू नका. आधी कीबोर्ड पाहा; मराठी टायपिंग चालू राहिलेलं असतं. कॅप्स लॉक पाहा. पासवर्ड कॉपी केला असेल तर शेवटी एक मोकळी जागा चिकटून आलेली असू शकते. सेव्हन-झिप तर फाइल खराब असली तरी पासवर्डबद्दलच शंका घेतं, म्हणून दुसरी प्रत उघडून बघा.

बॅकअप चालू असताना लाईट गेली आणि नंतर रेस्टिक 'रिपॉझिटरी (बॅकअपचा साठा) लॉक आहे' म्हणू लागलं, तर दुसरीकडून बॅकअप चालू नाही याची खात्री करून 'रेस्टिक अनलॉक' ही आज्ञा द्या आणि बॅकअप पुन्हा चालवा. हे लॉक पासवर्डचं नसतं.

एन्क्रिप्शन आहे म्हणून ड्राइव्ह लावलेलाच

रॅन्समवेअरला, म्हणजे फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणाऱ्या व्हायरसला, तुमची फाइल वाचायची गरज नसते. एन्क्रिप्ट केलेल्या बॅकअपवरही ते आपलं कुलूप चढवतं किंवा तो पुसून टाकतं. काम झालं की ड्राइव्ह काढा.

परत मिळवून न पाहणं

महिन्यातून एकदा दुसऱ्या संगणकावर, फक्त त्या कागदावरचा पासवर्ड वापरून, टॅलीचं फोल्डर परत काढा आणि मागच्या वर्षीचं एखादं बिल शोधून पाहा. ते टॅलीत उघडलं आणि रक्कम जुळली, तरच तो बॅकअप धरा.