चातुर्मासात कार्यालय रिकामं राहू नये म्हणून

साताऱ्याजवळ आमचं घरचं मंगल कार्यालय आहे. हिशेब मी बघते, स्वयंपाकघर जाऊबाई आणि बुकिंग दीर. आषाढी ते कार्तिकी एकादशी मुहूर्त नाहीत, पण वीजबिल, वॉचमन, मालमत्ता कर थांबत नाही. २०२३ साली अधिक श्रावण आला, चातुर्मास पाच महिन्यांचा झाला, आणि तुळशीच्या लग्नापर्यंत तग धरणं अवघड दिसू लागलं.

मुख्य हॉल बंद ठेवून खालचा जेवणाचा हॉल वेगळा द्यायला सुरुवात केली. भाडं दिवसाचं नाही, चार तासांचं, वीज मीटरप्रमाणे. अधिकात जावयाला धोंड्याचं जेवण असतं, त्याची पंगत आम्हीच करून देऊ लागलो. पुरणाचे धोंडे आणि साजूक तूप. पुढे डोहाळजेवण, बारशी, सहस्रचंद्रदर्शन येत गेली.

सगळ्यात रंगली ती निज श्रावणातली मंगळागौर. त्यासाठी टेबलं हलवली, फरशी कोरडी पुसून घेतली (ओल्या फरशीवर फुगडी म्हणजे हात-पाय मोडायचं काम), पत्रीची टोपली कार्यालयातर्फे दिली. स्पीकर रात्री दहाला बंद, कायदाच तसा आहे. पुढे झिम्मा नुसत्या टाळ्यांवर, आणि तोच जास्त रंगतो.

या कार्यक्रमांतून लग्नाएवढी कमाई होत नाही, पण माणसांचे पगार निघतात, आणि आचारी दुसरीकडे जात नाही. चांगला आचारी टिकवणं मला नव्या झुंबरापेक्षा मोलाचं वाटतं. मंगळागौरीला आलेल्या बायकाच पुढे मुलीच्या लग्नाची तारीख विचारतात.