हेड उघडायच्या आधी

यवतेश्वरच्या घाटात अॅम्बेसेडर धापा टाकायला लागली की साताऱ्यात प्रत्येकाचं निदान ठरलेलं: ‘हेड गेलं.’ हेड म्हणजे इंजिनचं वरचं झाकण, वॉल्व्ह त्यातच बसतात. आमच्याकडे वडिलांची जुनी पेट्रोल गाडी आहे, १४८९ सीसीची. तिचं हेड मी एकदा उगाच उघडलं. तेव्हापासून पान्याआधी कंप्रेशन गेज, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजणारं मीटर, हातात घेतो.

इंजिन गरम करा, चारही प्लग काढा, कॉइलची वायर सोडवा, एकेका प्लगच्या भोकात गेज लावून, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारा. आकड्यापेक्षा चारही सिलिंडर एकमेकांशी जुळतात का ते बघा. एखादा मागे पडला तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून परत मोजा. आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, हेडला हात लावू नका. ढिम्म राहिला तर संशय वॉल्व्हवर. शेजारचे दोन एकदम पडले तर बहुधा त्यांच्या मधलं गॅस्केट, म्हणजे हेडखालचं सील, गेलेलं.

संशय वॉल्व्हवर आला तरी थांबा, आधी टॅपेटचा गॅप बघा, म्हणजे वॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली फट. माझे टॅपेट अजिबात वाजत नव्हते आणि मी त्यावर खूश होतो! खरं तर गॅपच संपला होता. मग वॉल्व्ह सीटवर पूर्ण टेकत नाही, कंप्रेशन गळतं आणि पुढे एक्झॉस्ट वॉल्व्हची कड जळते. टॅपेट थोडं वाजलेलं परवडतं.

गॅप बघायला वॉल्व्ह पुढून १ ते ८ मोजा. जो वॉल्व्ह पूर्ण दाबलेला असेल त्याचा नंबर ९ मधून वजा करा. उरेल त्या नंबरचा गॅप बघा. ३ दाबलेला, तर ६. गॅप मॅन्युअलप्रमाणे, फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, ओढताना किंचित अडलं पाहिजे.

उघडावंच लागलं तर एक खोड लक्षात ठेवा. रॉकर ज्या दांड्यावर बसतात त्या रॉकर शाफ्टचे चार नट हेडलाही धरून असतात. नुसता रॉकर काढायचा म्हणून तेवढेच सोडले की हेड वाकडं ओढलं जातं आणि गॅस्केटमधून पाणी झिरपतं. आधी रेडिएटर रिकामा करा, मग सगळे नट थोडेथोडे, क्रमाने. पुशरॉड, म्हणजे खालच्या टॅपेटपासून रॉकरपर्यंतच्या काड्या, गोल फिरवत हळू उचला, नाहीतर तेलाने चिकटलेलं टॅपेट वर येतं. कंदी पेढ्याच्या खोक्याला आठ भोकं पाडून पुशरॉड ओळीने खोचा, वॉल्व्हवरही नंबर टाका.

वॉल्व्ह घासले की सीटवर सलग राखाडी कडं दिसलं पाहिजे. स्प्रिंगा आणि प्लग चढवून हेड उलटं ठेवा, खोलगटात रॉकेल ओता आणि चहा पिऊन या. पोर्ट, म्हणजे वॉल्व्हमागची हवा-धुराची वाट, कोरडं असेल तरच नवं गॅस्केट पाकिटातून काढा.