थिनरची वाफ सक्रिय कोळशाने कशी टिपावी
कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीतील लहान रंगकाम खोलीत थिनरमधील टोल्यूइन आणि झायलीन यांची वाफ टिपण्यासाठी नारळाच्या करवंटीपासून केलेला दाणेदार सक्रिय कोळसा वापरावा, कारण त्याच्या एका ग्रॅममधील सूक्ष्म छिद्रांचे पृष्ठफळ सुमारे १००० चौरस मीटर असते. हवेच्या वाटेत कोळशाच्या आधी रंगाचे तुषार अडवणारी गाळणी बसवावी. मला ती कोळशाइतकीच महत्त्वाची वाटते, कारण तिच्याविना छिद्रांची तोंडे बुजतात. कोल्हापूरच्या पावसाळ्यात दमट हवेतील पाण्याची वाफही छिद्रांत जागा अडवते, म्हणून हवा किंचित तापवून तिची सापेक्ष आर्द्रता उतरवावी, मात्र तापमान ४० अंश सेल्सिअसखाली ठेवावे. कोळशाचे दोन थर एकामागे एक ठेवून मधली हवा वाफ मोजणाऱ्या मापकाने तपासावी आणि तेथे वाफ आढळताच पहिला थर बदलावा. नाकावर विसंबू नये, ते वासाला सरावते.