सहकुटुंब तंबूत मुक्काम: अ‍ॅप पाहताना आणि सामान भरताना होणाऱ्या या चुका टाळा

भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठी ओळीने ठोकलेले तंबू, पाण्यावर धुके आणि मागे डोंगररांग, अशी अर्ध्या मिनिटाची चित्रफीत इन्स्टाग्रामवर पाहून एखाद्या कुटुंबाने तिथे जायचे ठरवले, तर त्यात गैर काही नाही. घोळ होतो तो त्यानंतर. ती चित्रफीत कोणत्या महिन्यातली आहे, ती कोणी काढली आणि काढणाऱ्यासोबत लहान मुले किंवा वयस्कर माणसे होती का, याचा विचार न करता तेवढ्याच भरवशावर सामान भरले जाते. अशा मुक्कामात जे हाल होतात, त्यांतले बरेचसे काही घरी विसरल्यामुळे होत नाहीत. यादी नीट केलेली असते, पण ती भलत्याच ऋतूची असते. म्हणूनच अ‍ॅपच्या चुका आणि सामानाच्या चुका यांची इथे वेगळी दालने केलेली नाहीत.

चित्रफितीचा ऋतू न ओळखणे

भंडारदरा वर्षभरात इतके बदलते की डिसेंबरची यादी मे महिन्यात जवळजवळ निरुपयोगी ठरते. थंडीत रात्री हुडहुडी भरते आणि काठावर इतके दव पडते की पहाटे तंबूचे कापड बाहेरून चिंब असते. मेच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत काजव्यांचा हंगाम असतो. तेव्हा दिवसा घामाच्या धारा लागतात आणि संध्याकाळी वळीव अचानक कोसळतो. जुलै-ऑगस्टचे तर बोलायलाच नको. जवळचे घाटघर हे राज्यात सर्वाधिक पाऊस पडणाऱ्या गावांपैकी एक आहे आणि त्या दिवसांत मुलांना घेऊन काठावरच्या तंबूत राहण्यापेक्षा पक्क्या छताची खोली घेणे केव्हाही शहाणपणाचे.

पोस्टवर दिसणारी तारीख चित्रीकरणाची नसते, ती टाकल्याची असते. काजव्यांची जाहिरात करताना हिवाळ्यातले तंबू आणि पावसाळ्यानंतरचा हिरवागार काठ सर्रास वापरला जातो. मात्र हे ओळखण्याची खूण चित्रातच असते, आणि ती म्हणजे पाण्याची पातळी. प्रवरा नदीवरचे इथले विल्सन धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले ते प्रामुख्याने तिच्या कालव्यांवरील सिंचनासाठी. त्यामुळे पावसाळ्याच्या अखेरीस भरलेला हा जलाशय उन्हाळाभर उतरत जातो आणि मे महिन्यात पाणी आणि गवत यांच्यामध्ये चिखल-दगडांचा रुंद उघडा पट्टा पडतो. चित्रात पाणी थेट गवताला भिडलेले असेल, तर ते दृश्य मे महिन्याचे नव्हे. उलट उतरलेल्या पाण्याशेजारी सपाट मातीवर तंबू दिसत असतील, तर ती जागा ऑक्टोबरात पाण्याखाली असण्याचा संभव असतो आणि तुमचा तंबू वरच्या उतारावर, कदाचित खडकाळ जागी लागेल. गुगल मॅप्सवर त्या ठिकाणाचे अभिप्राय सर्वांत नवीन आधी असे लावून पाहावेत आणि गेल्या वर्षी याच महिन्यात कोणी काय लिहिले आहे ते शोधावे. तारांकनाची सरासरी काढून उपयोग होत नाही, कारण जानेवारीतले समाधानी गट आणि जूनमध्ये भिजलेली कुटुंबे त्यात एकत्र मोजली जातात.

काजव्यांबाबत एक खुलासा करायला हवा. झाड नखशिखान्त उजळलेले दाखवणारी बहुतेक छायाचित्रे दीर्घकाळ उघड्या ठेवलेल्या कॅमेऱ्यातून, अनेकदा कित्येक चित्रे एकावर एक रचून, तयार केलेली असतात. प्रत्यक्षात डोळ्यांना दिसते ती लुकलुक वेगळी असते, आणि मला विचाराल तर अधिक सुंदर. पण मुलांना मोबाइलवरचे झाड दाखवून नेले की ती तिथे पोहोचताच हिरमुसतात आणि मोबाइलचा टॉर्च लावून काजवे शोधू लागतात. प्रकाशाची ही उघडझाप म्हणजे काजव्यांचे जोडीदाराला दिलेले संकेत असतात. झगझगीत टॉर्च लावला की त्यात व्यत्यय येतो. टॉर्चच्या काचेवर लाल जिलेटीन कागद बांधून न्यावा आणि तो खाली पायांपुरताच मारावा.

नकाशा आणि लाइव्ह लोकेशन यांवर विसंबणे

भंडारदऱ्याच्या परिसरात बऱ्याच ठिकाणी मोबाइलला रेंज नसते, आणि असली तरी एखाद्याच कंपनीची असते. त्यामुळे नकाशाचा तो भाग घरीच डाउनलोड करावा, असा सल्ला सगळेच देतात. तो योग्य असला तरी अपुरा आहे. गुगल मॅप्स ऑफलाइन असताना गाडीचा रस्ता दाखवतो. पायी चालण्याचा मार्ग, वाहतूक कोंडी आणि पर्यायी रस्ते दाखवत नाही. गाडी उभी करून तंबूपर्यंतची शेवटची पायवाट अंधारात शोधायची असेल, तर नेमका तिथेच तो हात वर करतो. लोकांनी मिळून तयार केलेल्या ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावर आधारलेले ऑर्गॅनिक मॅप्ससारखे अ‍ॅप सोबत असावे, कारण त्यात नेटशिवायही पायी मार्ग मिळतो. डाउनलोड केलेला नकाशा जुना नाही ना, हेही पाहावे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. त्याआधीचा नकाशा फोनमध्ये पडून असेल, तर मुंबईकडून येणाऱ्याला त्या रस्त्याचा पत्ताही लागणार नाही.

दुसरी चूक म्हणजे तंबूंच्या तळाच्या (कॅम्पसाइटच्या) नावाने शोध घेणे. ‘लेकसाइड’ आणि ‘कॅम्पिंग’ हे दोन शब्द कमी-अधिक क्रमाने जोडलेले तळ डझनभर असतात. नकाशावरचा पिन नेहमी तंबूंवरच असतो असेही नाही. कधी तो मालकाच्या घरावर असतो, तर कधी पलीकडच्या काठावर. मालकाला तंबूजवळ उभे राहून व्हॉट्सअ‍ॅपवर ठिकाण पाठवायला सांगावे, ते नकाशात जतन करावे आणि जवळच्या गावाचे नाव कागदावर लिहून घ्यावे. मुंबईकडून घोटीला वळून शेंडी आणि पुण्याकडून संगमनेर, अकोले, राजूर, एवढे लिहिलेले असले तरी रस्त्यात कोणालाही विचारता येते. अ‍ॅपने सांगितलेल्या वेळेत मुलांच्या उलट्या, चहा आणि आजोबांचे पाय मोकळे करणे धरलेले नसते. चारला पोहोचायचे ठरवावे, म्हणजे उजेड असताना पोहोचता येते.

व्हॉट्सअ‍ॅपचे लाइव्ह लोकेशन पंधरा मिनिटे, एक तास किंवा आठ तास चालते, पण त्यासाठी नेट लागते. रेंज गेली की घरच्यांना तुमचा ठिपका घाटाच्या एखाद्या वळणावर थिजलेला दिसतो आणि त्यांच्या पोटात गोळा येतो. निघण्यापूर्वीच घरी एक साधा संदेश ठेवावा: कुठे मुक्काम, मालकाचा क्रमांक, उद्या किती वाजेपर्यंत फोन येईल, आणि तो न आल्यास कोणाला विचारायचे.

वाट चुकलीच, तर प्रथम थांबावे. जीपीएसला मोबाइलची रेंज लागत नाही, त्यामुळे आकाश मोकळे असेल तर आपण कुठे आहोत हे ऑफलाइन नकाशावर दिसते. नेट चालत नसले तरी साधा एसएमएस अनेकदा जातो. ११२ हा आपत्कालीन क्रमांक आणि १०८ ही रुग्णवाहिका सेवा मोठ्या मुलांनाही पाठ असावी.

आगाऊ पैसे आणि न विचारलेले प्रश्न

समाजमाध्यमांवरील पानाला हजारो अनुयायी आहेत म्हणजे तळ खराच आहे, असे होत नाही. पूर्ण रक्कम आधी मागणारा, फोन न उचलता फक्त संदेशांतून बोलणारा आणि “आजचा व्हिडिओ पाठवा” म्हटल्यावर टाळाटाळ करणारा, अशा माणसाकडे आरक्षण करू नये. फसवणूक झालीच तर १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर लगेच तक्रार करावी. जितका उशीर, तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता कमी.

खऱ्या तळाच्या मालकालाही काही प्रश्न विचारायचे राहून जातात. तंबूपासून शौचालय किती पावलांवर आहे, तिथे रात्रभर दिवा असतो का, रात्रीचे जेवण नेमके किती वाजता मिळते, आणि शेजारच्या तंबूंतले ध्वनिवर्धक किती वाजता बंद होतात, हे ते प्रश्न. पासष्टीच्या आजींना दृश्यापेक्षा शौचालयाचे अंतर महत्त्वाचे असते, ही गोष्ट चित्रफितीत कधीच येत नाही. भंडारदऱ्याला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे निवासस्थान आहे. आजी-आजोबांनी तिथे राहावे आणि मुलांनी पालकांसोबत तंबूत, हा मार्ग अनेक घरांना सुचतच नाही.

‘चार माणसांचा तंबू’ आणि खालून लागणारी थंडी

तंबूवर लिहिलेली माणसांची संख्या म्हणजे खांद्याला खांदा लावून झोपलेली, सामान नसलेली माणसे. दोन मोठी, दोन लहान आणि त्यांच्या पिशव्या असतील, तर चारचा तंबू अपुरा पडतो आणि मग पिशव्या कापडाला टेकतात. कापड जिथे दाबले जाते तिथे ओल आत झिरपते, आणि सकाळी कोरडे कपडे भिजलेले मिळतात. सामान गाडीत ठेवावे किंवा एक आकडा मोठा तंबू मागावा.

थंडीसाठी घरोघरी होणारी चूक म्हणजे अंगावर जाड रजई आणि अंगाखाली पातळ सतरंजी. जमीन रात्रभर अंगातली ऊब ओढून घेते. शिवाय स्लीपिंग बॅगचा खालचा भाग वजनाने दबला की त्यातली हवा निघून जाते आणि तो भाग उबेला फारसा उपयोगी राहत नाही. म्हणून दोन पांघरुणांपैकी एक घरी ठेवून माणशी एक फोमची मॅट न्यावी. तंबूखाली ताडपत्री घालावी, पण ती तंबूच्या बुडापेक्षा बाहेर आलेली नसावी. बाहेर राहिलेल्या कडेवर पडलेले पाणी सरळ तंबूखाली वाहत येते. झोपताना घालायचे कपडे आणि मोजे वेगळ्या पिशवीत कोरडे ठेवावेत, कारण दिवसभराच्या घामाने ओलसर झालेला सदरा रात्री अंगावर गार पडतो.

पाऊस नसताना तंबू आतून ओला झाला, तर तो गळत नसतो. चार जणांच्या श्वासातली वाफ गार कापडावर पाणी होऊन उतरते. अशा वेळी लोक उरलेल्या फटीही बंद करून घेतात, आणि ओल वाढते. वरची जाळी उघडी ठेवावी, दाराची चेन वरच्या बाजूने वीतभर खाली घ्यावी, आणि पुसायला एक जुना पंचा हाताशी असावा.

याच फटी बुजवण्याच्या सवयीत खरा धोका आहे. जेवण भाजून झाल्यावर उरलेल्या निखाऱ्यांची शेगडी ऊब मिळावी म्हणून तंबूत घेतली जाते. धुमसणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेल्या माणसाला तो जागे होऊ देत नाही. निखारे विझलेले दिसत असले तरी शेगडी तंबूत आणायची नाही, फट ठेवूनही नाही. मुलांना थंडी वाजत असेल, तर घट्ट झाकणाच्या बाटलीत गरम पाणी भरून ती टॉवेलात गुंडाळून पायांशी द्यावी.

तंबूच्या दाराची जाळी रात्रभर बंद हवी, याचे कारण केवळ डास नव्हे. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावल्याच्या घटना होतात. दंश अनेकदा दुखतही नाही. बूट आत घ्यावेत आणि सकाळी झटकून घालावेत, म्हणजे विंचवाचाही प्रश्न मिटतो. दंशाचा नुसता संशय आला तरी जखम कापणे, चोखणे किंवा आवळून बांधणे यांत वेळ न घालवता, रुग्णाला शक्य तितके स्थिर ठेवून रुग्णालय गाठावे.

किरकोळ वाटणाऱ्या, पण अडवणाऱ्या गोष्टी

दहा हजार एमएएचची पॉवर बँक फोनला प्रत्यक्षात त्याच्या सुमारे दोन तृतीयांश भार देते. त्यातच रेंज नसलेल्या जागी फोन टॉवर शोधत राहतो आणि बॅटरी झपाट्याने उतरते. तो विमान मोडवर ठेवावा. फोनच्या टॉर्चवर सगळ्यांनी अवलंबून राहू नये. प्रत्येक मुलाच्या गळ्यात स्वतःची छोटी विजेरी आणि शिट्टी असावी. नेट नसले की यूपीआयने पैसे देताना अडचण येते, म्हणून सुट्या नोटा जवळ ठेवाव्यात.

रोजची औषधे दोन ठिकाणी विभागून ठेवावीत आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीचे छायाचित्र फोनमध्येच जतन करावे, निव्वळ क्लाउडवर नव्हे. खाण्याचे फार सांगायला नको. तळावरचे जेवण नऊनंतर येते आणि मुलांना सातलाच भूक लागते. धपाटे, दशम्या आणि कोरडी चटणी एवढे पुरते. मात्र सोबत नेलेले प्लॅस्टिक परत आणण्यासाठी रिकामी पिशवी हवीच. हा परिसर कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्याला लागून आहे. त्याच्या हद्दीत वन विभागाचे प्रवेशाचे नियम लागू होतात आणि हवी तिथे शेकोटी पेटवता येत नाही.

छायाचित्रे तिथूनच टाकण्याची घाई करू नये. घर बंद आहे आणि मुले नेमकी कुठे आहेत, हे दोन्ही त्यातून जगजाहीर होते. परतल्यावर तंबू स्वतःचा असेल, तर तो दिवसभर गच्चीवर वाळवूनच घडी घालावा, नाहीतर पुढच्या वेळी उघडताना बुरशीचे डाग दिसतील. आणि अभिप्राय लिहायला बसलात तर “मस्त जागा” एवढ्यावर न थांबता कोणत्या महिन्यात गेला होतात, रात्री किती पांघरुणे लागली, कोणत्या कंपनीची रेंज होती आणि शौचालय तंबूपासून किती लांब होते, तेवढे लिहावे.