व्हिएतनामी कॉफीसाठी धातूचा फिन कसा निवडावा

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील मराठी घरांत चहाचे राज्य असले, तरी कॉफी येथे परकी नाही. उडुपी हॉटेलांतील फिल्टर कॉफीची सवय बहुतेकांना आहे आणि स्टीलचा किंवा पितळेचा दोन मजली दाक्षिणात्य फिल्टर अनेक स्वयंपाकघरांत सापडतो. त्यामुळे व्हिएतनामी पद्धतीची कॉफी घरी करू पाहणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो तो असा की, घरात एक फिल्टर असताना दुसरा, म्हणजे फिन नावाचा लहान व्हिएतनामी फिल्टर, कशाला घ्यावा. केवळ कडक डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा दाट अर्क, हवे असेल, तर तो घेण्याचे खरोखरच कारण नाही. घरचा फिल्टर ते काम उत्तम करतो. मात्र दाक्षिणात्य फिल्टरमध्ये डिकॉक्शन खालच्या भांड्यात पंधरा-वीस मिनिटे, कधी रात्रभर, उतरत राहते आणि नंतर ते उकळत्या दुधात घातले जाते, तर व्हिएतनामी फिन थेट पेल्यावर ठेवला जातो आणि एका माणसापुरती दाट कॉफी चार-पाच मिनिटांत, पेल्याच्या तळाशी आधीच घातलेल्या कंडेन्स्ड मिल्कवर थेंबाथेंबाने उतरते. हा प्रकार हवा असेल, तर फिन घ्यावा आणि तो पारखून घ्यावा, कारण दिसायला अगदी सारख्या असलेल्या दोन फिनांची कॉफी पुष्कळ वेगळी होऊ शकते.

फिनचे भाग चारच असतात. पेल्याच्या काठावर टेकणारी छिद्रांची तळथाळी, तिच्यावर बसणारे, बुडाला छिद्रे असलेले पात्र, पात्रात पुडीवर ठेवायची दाबचकती आणि वरचे झाकण. काही फिनांत तळथाळी व पात्र एकमेकांना जोडलेले असतात. कागदी गाळणी लागत नाही. कॉफीतील तेलकट अंश त्यामुळे पेल्यात उतरतो आणि तिला भरीवपणा येतो, पण पुडीला अडवण्याचे सारे काम धातूच्या छिद्रांवरच येऊन पडते. म्हणूनच माझे मत असे की, धातू कोणता आणि चकाकी किती, यापेक्षा छिद्रे कशी पाडली आहेत आणि दाबचकती पात्रात कशी बसते, याला अधिक महत्त्व द्यावे. दुकानदार बहुधा उलट क्रमाने बोलतो.

छिद्रे पाहण्यासाठी पात्र उजेडासमोर धरावे. छिद्रांचा आकार सर्वत्र सारखा असावा, ती बुडाच्या एकाच बाजूला दाटलेली नसावीत आणि अर्धवट बुजलेली तर मुळीच नसावीत. नंतर बुडावरून आतून व बाहेरून हलकेच बोट फिरवावे. पत्रा ठोकून छिद्रे पाडताना कडांना बारीक चरे राहतात. ते घासून काढलेले नसतील, तर बोटाला खरखर लागते, आणि अशा कडांत पुडीचा चिखल अडकून काही आठवड्यांत छिद्रे बंद पडू लागतात. फार मोठ्या छिद्रांतून बारीक पूड सरळ पेल्यात जाते आणि शेवटचा घोट गाळाचा होतो. दुकानात नुसते पाणी ओतून फिनची परीक्षा होत नाही. रिकाम्या फिनमधून पाणी झरझर निघून जाते, कारण पाण्याचा वेग ठरवतो तो मुख्यतः पुडीचा थर.

दाबचकती पात्रात टाकून पाहावी. ती कडेला न अडकता, तिरकी न होता, स्वतःच्या वजनाने तळापर्यंत सरकली पाहिजे, आणि तिच्या कडेभोवतीची फट सर्व बाजूंनी सारखी व अरुंद, साधारण एक मिलिमीटरच्या आत, असावी. फट मोठी असेल, तर पाणी ओतताच पूड त्या फटीतून वर येते, चकतीवर तरंगते आणि कॉफी एका बाजूने कडू, दुसऱ्या बाजूने पाणचट अशी उतरते. स्वस्त फिनांत सर्वाधिक खोट येथेच सापडते.

दाबचकतीचे दोन प्रकार असतात आणि खरेदीतला खरा निर्णय याच ठिकाणी घ्यावा लागतो. पहिल्या प्रकारात चकती नुसती पुडीवर ठेवली जाते आणि तिच्या वजनाचाच दाब पडतो. पूड भिजून फुगली की चकती किंचित वर उचलली जाते, त्यामुळे वाट तुंबत नाही आणि नवख्याची थोडी चूकही खपून जाते. दुसऱ्या प्रकारात पात्राच्या मध्यभागी आटे असलेला खिळा उभा असतो आणि चकती त्यावर फिरवून आवळली जाते. यात दाब आपल्या हातात राहतो, चकती जागची हलत नाही, आणि हात बसला की कॉफीचा दाटपणा मनाप्रमाणे साधता येतो. पण अर्धा फेरा जास्त आवळला गेला की थेंब थांबतात, आणि मग उकळत्या पाण्याने भरलेल्या पात्रात चमच्याच्या टोकाने चकती सैल करण्याची कसरत करावी लागते. आट्यांमध्ये पूड बसते, ती प्रत्येक वेळी धुवावी लागते, आणि हलक्या प्रतीच्या फिनात आटे लवकर झिजतात. आपल्या भागात घरोघरी मिळणारी पूड ध्यानात घेतली, तर पहिला फिन वजनाच्या चकतीचाच घ्यावा, असे मी सुचवीन.

पुडीचा हा मुद्दा थोडा विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. फ्रेंच धर्मप्रचारकांनी 1857 च्या सुमारास व्हिएतनाममध्ये कॉफी नेली असे सांगितले जाते. आज तो देश ब्राझीलनंतर जगातील दुसऱ्या क्रमांकाचा कॉफी उत्पादक आहे आणि तेथील पिकाचा फार मोठा हिस्सा रोबस्टा जातीचा आहे. मध्य पठारावरील बुओन मा थुओत हे शहर त्या कॉफीचे केंद्र मानले जाते. फिनची सारी घडण या काळ्याभोर भाजलेल्या, जाडसर दळलेल्या, चिकोरी (कॉफीत मिसळले जाणारे भाजलेले मूळ) नसलेल्या रोबस्टाला साजेशी आहे. आपल्याला त्यासाठी सातासमुद्रापार जाण्याची गरज नाही. देशातील कॉफीपैकी सुमारे 70 टक्के कर्नाटकात पिकते आणि कोडगू, चिक्कमगळूर, हासन या जिल्ह्यांतील रोबस्टा फिनसाठी अगदी योग्य आहे. अडचण वेगळीच आहे. बाजारात मिळणारी फिल्टर कॉफीची पूड बहुधा चिकोरी मिसळलेली आणि दाक्षिणात्य फिल्टरसाठी बारीक दळलेली असते. चिकोरी गरम पाण्यात मऊ पडून पुडीचा थर घट्ट करते आणि आवळलेल्या चकतीखाली तो थर पाण्याला वाटच देत नाही. चिकोरीचे प्रमाण पाकिटावर छापलेले असते आणि ते 49 टक्क्यांपर्यंत असू शकते, म्हणून पाकीट उलटून वाचावे. शक्य असेल तर कॉफी दळून देणाऱ्या दुकानातून चिकोरीविरहित रोबस्टा, किंवा तीन भाग रोबस्टा व एक भाग अरेबिका, नेहमीपेक्षा जाड, म्हणजे जाड रव्याहून किंचित बारीक दळून घ्यावी. घरच्या मिक्सरमध्ये दळल्यास भुकटी फार होते. ती मैद्याच्या चाळणीने चाळून काढली, तर फिन तुंबत नाही.

आकाराच्या बाबतीत फसगत सहज होते. फिन साधारण 120, 180 आणि 240 मिलिलिटर अशा मापांत विकले जातात, पण हे माप पात्र काठोकाठ भरल्याचे असते. त्यातून तेवढी कॉफी मिळत नाही. पुडीने जागा व्यापलेली असते, शिवाय पूड स्वतःच्या वजनाच्या सुमारे दुप्पट पाणी शोषून धरते. 120 मिलिलिटरच्या फिनात 15 ग्रॅम पूड आणि 95 मिलिलिटर पाणी घातले, तर पेल्यात 60-65 मिलिलिटर दाट कॉफी उतरते, आणि कंडेन्स्ड मिल्क व बर्फ घालून पिणाऱ्या एका माणसाला ती पुरते. ज्यांना पेला जरा मोठा लागतो किंवा गरम दूध वाढवून प्यायचे आहे, त्यांनी 180 चा फिन घ्यावा. त्यात 20 ते 22 ग्रॅम पूड लागते. 240 च्या फिनात चौघांची कॉफी करू असा बेत मात्र करू नये. मोठ्या पात्रात थोडी पूड घातली, तर थर पातळ पसरतो आणि पाणी तिच्यातून धावत सुटते. भरपूर घातली, तर उतरायला इतका वेळ लागतो की पहिली धार थंड होऊन जाते. घरात पिणारे दोघे असतील, तर एका मोठ्या फिनपेक्षा दोन लहान फिन बरे. चौघे असतील, तर दाक्षिणात्य फिल्टर आहेच.

दुकानात जाताना घरचा पेला सोबत न्यावा. हे जरा विचित्र वाटेल, पण त्याने पुढची पंचाईत टळते. तळथाळी पेल्याच्या तोंडापेक्षा सर्व बाजूंनी बोटभर मोठी असावी आणि तिच्या खाली कडे असेल, तर ते तोंडाच्या आत सैलसर बसावे. आपल्याकडचे स्टीलचे उभे पेले तोंडाला अरुंद आणि वजनाला हलके असतात. त्यांच्यावर पाण्याने भरलेला फिन ठेवला की वरचा भार जड होऊन ते कलंडू शकतात. जाड काचेचा, बसक्या बुडाचा पेला अधिक सुरक्षित, आणि कॉफी किती उतरली तेही त्यातून दिसते.

आता धातू. व्हिएतनाममध्ये अ‍ॅल्युमिनियमचा फिन जुना व सर्वत्र दिसणारा आहे; तो हलका असतो, लवकर तापतो आणि स्वस्त पडतो. पण त्याला पोचे येतात, आणि एकदा बूड वाकले की चकती सपाट बसत नाही. स्टील उष्णता पुष्कळ संथपणे वाहून नेते, म्हणून जाड स्टीलचा फिन आधी गरम पाण्याने तापवून घ्यावा लागतो. एरवी तो टिकाऊ, घासायला सोपा आणि लिंबू-चिंचेला न घाबरणारा असतो. रोजच्या वापरासाठी मी स्टीलच निवडीन. 304 प्रतीचे स्टील म्हणून जे विकले जाते, ते तपासायला लोक लोहचुंबक लावतात. चुंबक घट्ट चिकटला, तर ते 304 नाही एवढे बहुधा कळते. पण चिकटला नाही म्हणून खात्री धरू नये, कारण भांड्यांसाठी वापरली जाणारी 200 मालिकेतील हलकी स्टीलेही चुंबकाला फारशी दाद देत नाहीत. त्यापेक्षा कडा दुमडलेल्या आहेत का, पत्रा दाबल्यावर लवतो का आणि पात्र सपाट फरशीवर डुगडुगते का, हे पाहणे उपयोगाचे. कान असलेला फिन घ्यावा, कारण भरलेले पात्र उचलताना बोटे भाजतात. झाकण मात्र खोलगट हवे. कॉफी उतरल्यावर ते उलटे ठेवून त्यावर टपकणारा फिन ठेवता येतो.

घरी आणलेला फिन साबणाच्या गरम पाण्याने धुऊन, एकदा नुसते उकळते पाणी त्यातून जाऊ द्यावे, म्हणजे यंत्राच्या तेलाचा वास निघून जातो. मग पेल्यात दोन मोठे चमचे कंडेन्स्ड मिल्क घालून, फिनात पूड समतल करून, चकती ठेवून वीस-पंचवीस मिलिलिटर पाणी ओतावे, अर्धे मिनिट पूड फुगू द्यावी आणि उरलेले पाणी ओतून झाकण लावावे. बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंचीवर असल्यामुळे येथे पाणी 97-98 अंश सेल्सिअसलाच उकळते. म्हणून उकळलेले पाणी निवण्यासाठी समुद्रकाठच्या माणसाला सांगितली जाते तितकी वाट पाहू नये, गॅस बंद केल्यावर थोडा दम खाऊन लगेच ओतावे. सर्व कॉफी चार ते पाच मिनिटांत उतरली, तर फिन, पूड आणि हात यांचे जमले असे समजावे. दोन मिनिटांतच संपली, तर पूड वाढवावी किंवा थोडी बारीक घ्यावी. आठ मिनिटे झाली तरी थेंब रेंगाळत असतील, तर पूड जाड करावी. फिन बदलण्याचा विचार या दोन्ही गोष्टी करून पाहिल्यावरच करावा. आणि सोबत कुंदा ठेवण्याचा मोह आवरावा. कंडेन्स्ड मिल्कच्या गोडीपुढे बेळगावचा कुंदाही फिका लागतो, आणि हा त्या कुंद्यावर अन्याय आहे.

वापर झाल्यावर चोथा झटकून फिन लगेच धुवावा आणि छिद्रे आठवड्यातून एकदा मऊ ब्रशने उलट बाजूने घासावीत. अथणी, चिकोडीकडील ज्या घरांत बोअरवेलचे जड पाणी वापरले जाते, तेथे छिद्रांत हळूहळू पांढरा थर धरतो आणि कॉफी दिवसेंदिवस उशिरा उतरू लागते. स्टीलचा फिन असेल, तर लिंबूसत्त्व घातलेल्या गरम पाण्यात तो अर्धा तास बुडवून ठेवल्याने थर सुटतो. अ‍ॅल्युमिनियमला आंबट पाण्यात असे ठेवू नये, त्यावर काळपट डाग पडतात. त्याच्यासाठी कॉफीला जड पाण्याऐवजी आरओ यंत्राचे पाणी घ्यावे. चारही भाग वेगवेगळे वाळवावेत आणि पूर्ण कोरडे झाल्यावरच एकात एक घालून ठेवावेत.