सोसायटीचा जनरेटर: आधी चिमणीचं गणित करा

लिफ्ट, पाण्याचा पंप, फायर पंप, जिन्यातले दिवे यांचा लोड मोजलाय आणि सभेत ठराव झालाय, असं धरून चालू. नवा जनरेटर सेट सीपीसीबी-४ प्लसचाच, म्हणजे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या धुराच्या नव्या निकषांचाच हवा. ८०० किलोवॅटपर्यंत १ जुलै २०२३ पासून तोच नियम आहे. कॅनॉपीपासून (सेटभोवतीच्या आवाजरोधक पेटीपासून) १ मीटरवर आवाज ७५ डेसिबलच्या आत. जागा पावसात तुंबणारी नको, अग्निशमन गाडीच्या वाटेतली तर नकोच.

घोळ होतो तो चिमणीत, म्हणजे इंजिनाचा धूर वर नेणाऱ्या पाइपात. "कॅनॉपीच्या वर दोन मीटर पाइप सोडला की झालं," असं सर्रास सांगतात. ते अर्धंच सूत्र आहे. चिमणीची किमान उंची म्हणजे इमारतीची उंची, अधिक केव्हीएच्या (सेटच्या क्षमतेच्या आकड्याच्या) वर्गमुळाची ०.२ पट. सात मजली, २१ मीटरच्या इमारतीला १२५ केव्हीएचा सेट असेल तर २१ अधिक २.२४, म्हणजे सव्वातेवीस मीटर. पाइप गच्चीच्या वर जायलाच हवा, आणि तोही बेडरूमच्या खिडक्या नसलेल्या भिंतीवरून.

एवढ्या लांबीला इंजिनाच्या तोंडाचाच व्यास ठेवलात तर बॅक प्रेशर (धुराचा इंजिनावर उलटा दाब) वाढतं, ताकद घटते, धूर काळा येतो. बेंडसकट लांबी कंपनीला कळवा आणि व्यास लेखी मागवा. फॅब्रिकेटरच्या अंदाजावर सोडू नका. तेवीस मीटरचा लोखंडी पाइप ३०० अंशांनी तापला की सुमारे ८ सेंटीमीटर वाढतो. सगळे क्लॅम्प आवळून टाकले तर भिंतीतले बोल्ट उखडतात किंवा ताण इंजिनाच्या टर्बोचार्जरवर येतो. एकच क्लॅम्प पक्का, बाकीचे पाइपला सरकू देणारे, आणि इंजिनाजवळ बेलो, म्हणजे पाइपचा लवचीक जोड. वर पावसासाठी झाकण, खाली सगळ्यात सखल बेंडला ड्रेन प्लग. हा दीडदमडीचा प्लग राहिला तर जुलैत पाणी थेट इंजिनात.

अर्थिंग: न्यूट्रलला दोन, बॉडीला दोन. चेंजओव्हर (लाइन आणि जनरेटर यांत अदलाबदल करणारा स्विच) चार पोलचा, म्हणजे तिन्ही फेजसह न्यूट्रलही तोडणारा, आणि दोन्ही एकदम जोडू न देणाऱ्या इंटरलॉकसह, नाहीतर उलटा करंट लाइनवर जाऊन बाहेर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवावर बेतेल.

विद्युत निरीक्षकांकडे नकाशा आधी, उभारणी नंतर. मग परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट, तपासणी आणि चालू करायची परवानगी.

डिझेलचा साठा एकूण २,५०० लिटरपर्यंत आणि एका भांड्यात १,००० लिटरपर्यंत असेल तर परवाना लागत नाही. पण ड्रम मीटर रूममध्ये ठेवायचा नाही, कोपरा कितीही सोयीचा वाटला तरी.